क्लोराइडसाठी बांधलेला पिंजरा : फक्त सी–एच बंधांवर उभं राहिलेलं एक प्रकरण

पाण्यात क्लोराइड आहे की नाही, हे ओळखायला सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पुरतात. पांढरा साका दिसला की काम झालं. बारावीच्या प्रॅक्टिकलपासून ही चाचणी आपल्या हातातली आहे. पण तेच क्लोराइड कोणताही धातू न वापरता, निव्वळ सेंद्रिय रेणूनं पकडून ठेवायचं म्हटलं, तर प्रश्न एकदम अवघड होतो. रसायनशास्त्रज्ञ त्याच्यामागे पन्नास वर्षं लागले होते. २०१९ साली अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात यून लिऊ, वेई झाओ, चुन-शिंग चेन आणि अमर फ्लड यांनी एक पिंजऱ्यासारखा रेणू बनवला आणि 'सायन्स' या नियतकालिकात त्याची हकिकत छापली. डायक्लोरोमिथेन या द्रावकात त्याचा क्लोराइडशी असलेला बंधन-स्थिरांक (पकड किती घट्ट आहे त्याचं माप; आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट) निघाला १० चा १७ वा घात, प्रति मोलर. आणि तो पिंजरा ज्या सी–एच, म्हणजे कार्बन–हायड्रोजन, बंधांवर उभा होता, त्यांना तोवर कुणी फारसं मोजतच नव्हतं.

हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण ऋणायन (क्लोराइडसारखे ऋण प्रभाराचे आयन) कसे पकडले जातात याचा जवळजवळ सगळा हिशेब या एकाच रेणूत दिसतो.

अडचण नेमकी कुठे आहे

धनायन पकडणं तुलनेनं सोपं. सोडियम आयनाची त्रिज्या साधारण १०२ पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. क्लोराइडची मात्र १८१. प्रभार तेवढाच, पण तो मोठ्या गोळ्यावर पसरलेला. त्यामुळे ओढ विरळ. शिवाय ऋणायनांचे आकार तऱ्हेतऱ्हेचे. हॅलाइड (फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड) गोल, नायट्रेट चपटं त्रिकोणी, सल्फेट चतुष्फलकी. गोळ्यासाठी बांधलेली जागा त्रिकोणाला चालत नाही.

याहून मोठी अडचण पाण्याची आहे. ऋणायन पाण्यात मोकळा कधीच नसतो, पाण्याच्या रेणूंनी तो वेढलेला असतो. क्लोराइड पाण्यात विरघळतं तेव्हा मोलमागे सुमारे ३४० किलोजूल मुक्त ऊर्जा बाहेर पडते. फ्लोराइडच्या बाबतीत ४६५, सल्फेटच्या बाबतीत हजाराच्या वर. म्हणजे एखाद्या रेणूनं क्लोराइड पाण्यातून ओढून घ्यायचं तर एवढी किंमत आधी चुकती करावी लागते. नुसता "बंध जुळला" एवढ्यानं भागत नाही. पाण्याशी जुळलेले सगळे बंध तुटून शिल्लक काय उरतं, ते पाहायचं असतं.

या क्षेत्राची सुरुवात ड्युपाँ कंपनीत झाली. १९६७ मध्ये तिथल्या चार्ल्स पेडरसन यांनी क्राउन ईथर, म्हणजे धनायनाला मधे धरणारे कड्यासारखे रेणू, प्रसिद्ध केले आणि धनायनांच्या बाजूला एकच गर्दी उसळली. पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना १९८७ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. क्राउन ईथरच्या पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्याच कंपनीतल्या पार्क आणि सिमन्स यांनी दोन टोकांना नायट्रोजन आणि त्यांना जोडणाऱ्या तीन कार्बन-साखळ्या असे रेणू तयार केले. आम्लात दोन्ही नायट्रोजनांवर प्रोटॉन बसला की आतल्या पोकळीत हॅलाइड शिरायचं. १९७५ मध्ये स्फटिकरचना हाती आली आणि क्लोराइड खरंच आत बसलेलं आहे यावर शिक्कामोर्तब झालं. पण या कामाला क्राउन ईथरसारखा बाजार मिळाला नाही. ऋणायनांचं रसायन पुढे बरीच वर्षं मागच्या बाकावर राहिलं.

पार्क-सिमन्सच्या रेणूचा आधार प्रभार होता. प्रभाराची ओढ जबर असते, पण निवड करण्यात ती कच्ची पडते. धन प्रभार असलेला रेणू आपल्यासोबत आलेल्या प्रतिआयनालाही (प्रभाराचा तोल राखणाऱ्या जोडीदार आयनाला) ओढतो, जवळ येईल त्या दुसऱ्या ऋणायनालाही ओढतो. म्हणून लोक उदासीन रेणूंकडे वळले. निसर्गातही याला दाखला होता. सल्फेट वाहून नेणाऱ्या एका जिवाणू-प्रथिनाची रचना १९८५ मध्ये उलगडली, तेव्हा दिसलं की सल्फेट तिथे धन प्रभाराविना, फक्त सात हायड्रोजन बंधांनी धरलेलं आहे. ते बंध एन–एच आणि ओ–एचचे होते. मग युरिया, अमाइड, पायरोल यांच्यापासून ग्राही, म्हणजे आयन पकडणारे, रेणू बनवण्याची लाट आली. हायड्रोजन बंध म्हणजे एन–एच किंवा ओ–एच, असं समीकरणच झालं.

या दोघांनाही खोड आहे. जो एन–एच ऋणायनाला उत्तम हायड्रोजन बंध देतो, तो पाण्यालाही देतो, शेजारच्या तशाच रेणूलाही देतो. आणि त्याला जास्त आम्लधर्मी करावं, तर फ्लोराइडसारखा आयन बंध जुळवायच्या ऐवजी प्रोटॉनच पळवून नेतो.

दुर्लक्षिलेला बंध

सी–एच बंध या कामाला कुणी का घेतला नाही, हे उघड आहे. पॉलिंगच्या मापपट्टीवर कार्बनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) २.५५ आणि हायड्रोजनची २.२०. फरक नाममात्र. नायट्रोजनची ३.०४, ऑक्सिजनची ३.४४. अशा सी–एचवरच्या हायड्रोजनवर धन प्रभाराचा अंश तो कितीसा येणार?

उत्तर ट्रायाझोलमध्ये होतं. पाच अणूंचं हे वलय, त्यात तीन नायट्रोजन ओळीनं शेजारी. अझाइड आणि टोकाचं अल्काइन यांची तांब्याच्या उपस्थितीत गाठ घालून ते बनतं. २००२ मध्ये शार्पलेस आणि मेल्डाल यांच्या गटांनी ही अभिक्रिया स्वतंत्रपणे मांडली, क्लिक रसायन म्हणून ती जगभर पसरली आणि २०२२ चं नोबेल त्या दोघांना बर्टोझींसोबत मिळालं. बहुतेक प्रयोगशाळांच्या लेखी ट्रायाझोल म्हणजे दोन तुकडे जोडल्यावर मधे उरणारा सांधा. त्या सांध्याच्या अंगात काही गुण आहे, असा विचार फारसा होत नव्हता.

त्या वलयात नायट्रोजनांच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोड्या एका बाजूला तोंड करून असतात. साहजिकच दुसऱ्या बाजूचा कार्बन आणि त्याचा हायड्रोजन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत उघडे पडतात. वलयाचं द्विध्रुव आघूर्ण (एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण प्रभार किती विभागलाय त्याचं माप) पाच डिबायच्या आसपास जातं. पाण्याच्या रेणूचं १.८५ आहे. त्या द्विध्रुवाचं धन टोक बरोबर सी–एचच्या दिशेनं. म्हणजे एरवी निरुपद्रवी असलेला सी–एच इथे ऋणायनाकडे रोखलेला असतो.

योंगजुन ली आणि फ्लड यांनी २००८ मध्ये चार ट्रायाझोल आणि चार बेंझीन वलयं एकाआड एक जोडून एक मोठं चपटं कडं बनवलं, ट्रायाझोलोफेन. सगळ्या सी–एचची तोंडं आत. मधली जागा क्लोराइडच्या मापाची. अशा रेणूची परीक्षा कशी घेतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. ड्युटेरियमवाल्या डायक्लोरोमिथेनमध्ये कडं विरघळवून एनएमआरच्या (हायड्रोजनांभोवतीची परिस्थिती वर्णपटात दाखवणाऱ्या यंत्राच्या) नळीत घ्यायचं आणि टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइडचं द्रावण मायक्रोलिटरच्या मापानं त्यात सोडत जायचं. प्रत्येक भरीनंतर वर्णपट घ्यायचा. आतल्या बाजूच्या हायड्रोजनांची शिखरं वर्णपटाच्या एका बाजूला (डाऊनफील्डला) सरकत जातात, बाहेरच्या बाजूची जवळपास जागच्या जागी राहतात. क्लोराइड कुठे बसलंय, हे त्या सरकण्यातूनच वाचता येतं. एक मोलला एक मोल झाला की सरकणं थांबतं. या कड्याचे बंधन-स्थिरांक डायक्लोरोमिथेनमध्ये दहा लाखांच्या घरात निघाले. ना प्रभार, ना एन–एच, ना ओ–एच, तरीही एवढं बंधन. ज्यांनी सी–एचला कमकुवत म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यांना हे विचारात घ्यावंच लागलं.

कड्याला मर्यादा होती. क्लोराइड त्याच्या प्रतलात बसतं, पण वर आणि खाली ते उघडंच. द्रावकाचे रेणू तिथून त्याला चिकटू शकतात, मोठा आयन असेल तर दोन कडी मिळून त्याला मधे धरतात. पुढची पायरी कोणती, हे धनायनांच्या इतिहासात आधीच घडून गेलं होतं : लेन यांनी क्राउन ईथरच्या कड्याला तिसरी भुजा जोडून क्रिप्टँड केला आणि पोटॅशियमचं बंधन कित्येक हजार पटींनी वाढलं.

पिंजरा

लिऊ आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. दोन टोकांमध्ये तीन भुजा, एकूण सहा ट्रायाझोल, आणि सहांचेही सी–एच आतल्या पोकळीकडे रोखलेले. स्फटिकरचनेत क्लोराइड मधोमध दिसलं, आणि त्या सहा हायड्रोजनांपासून त्याचं अंतर २.७ अँगस्ट्रॉम. हायड्रोजन आणि क्लोरिन नुसते एकमेकांना टेकले असते तर अंतर २.९५ च्या आसपास असतं. म्हणजे टेकण्याच्याही आत पाव अँगस्ट्रॉम शिरलेले, तेही सहाही बाजूंनी.

आता १० चा १७ वा घात या आकड्याकडे जरा थांबून पाहू. २५ अंश सेल्सिअसला याची मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे ९७ किलोजूल भरते. सहा ट्रायाझोलांवर सरळ वाटून टाकली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ किलोजूल येतात. (बेंझीन वलयांचे हायड्रोजनही थोडा हातभार लावतात, म्हणून हा वाटा वरच्या अंगाचाच धरावा.) सोळा किलोजूल म्हणजे काही अचाट बंध नव्हे. मग एवढी ताकद आली कुठून?

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. लवचीक रेणूला ऋणायन पकडताना स्वतःला आवळून घ्यावं लागतं, त्याच्या अनेक वळणांपैकी एकाच वळणावर ठाम राहावं लागतं. त्याची ऊर्जा तो बंधनाच्या कमाईतून भरतो. एन–एचवाल्या ग्राहीला याशिवाय द्रावकाशी आणि आपल्याच भावंडांशी जुळलेले बंध आधी तोडावे लागतात. पिंजऱ्याच्या डोक्यावर ही दोन्ही देणी जवळजवळ नाहीत. ट्रायाझोल वलयं ताठ आहेत, पोकळी आयन येण्याआधीच तयार आहे, आणि आतले सी–एच रिकाम्या वेळी कुणाशी घट्ट बांधलेले नाहीत. ट्रायाझोल नुसते हायड्रोजन बंध देत नाहीत, संपूर्ण त्रिमितीय सांगाडाही ताठ धरतात, हे या गटानं तुलनेचे रेणू तपासून दाखवलं. क्रॅम यांनी पूर्वरचनेचं (जागा आधीच तयार असेल तर पकड घट्ट, या) तत्त्व मांडलं ते धनायनांच्या संदर्भात. ऋणायनांच्या बाबतीत त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही. सोळा किलोजूलचे सहा बंध मिळाले आणि त्यातलं फारसं काही देण्यात गेलं नाही, म्हणून बेरीज मोठी झाली.

हा आकडा मोजला कसा

नेहमीच्या टायट्रेशननं (वर पाहिलं तसं थोडं थोडं क्लोराइड सोडत मोजत जाण्यानं) असा स्थिरांक काढता येत नाही. यात बरेच विद्यार्थी फसतात, म्हणून जरा खोलात जातो.

समजा पिंजरा आणि क्लोराइड दोन्ही एक मायक्रोमोलर घेतले. स्थिरांक १० चा १७ वा घात असेल, तर दहा लाखांतले जेमतेम तीन पिंजरे रिकामे उरतील. कोणताही वर्णपटमापक ते तीन पाहू शकत नाही. आलेख दोन सरळ रेषा आणि मधे एक कोपरा असा येतो. स्थिरांक १० चा १० वा घात असता तरी आलेख तसाच दिसला असता. अशा आलेखावर सॉफ्टवेअर चालवलं की ते काहीतरी आकडा देतं, पण त्याला अर्थ नसतो. "याच्यापेक्षा जास्त आहे" एवढंच त्यातून म्हणता येतं.

म्हणून या गटानं स्पर्धा लावली, आणि प्रतिस्पर्धी म्हणून पाणी घेतलं. वर पाणी, त्यात क्लोराइडचा क्षार. खाली डायक्लोरोमिथेन, त्यात पिंजरा. हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे आणि किती क्षार खाली उतरला ते मोजायचं. पाणी क्लोराइडला इतकं घट्ट धरतं की पिंजऱ्याची अफाट ओढ मोजता येईल अशा पातळीवर येते. मग क्लोराइड पाण्यातून डायक्लोरोमिथेनमध्ये नुसतं नेण्याची किंमत किती, सोबत येणाऱ्या धनायनाची किती, द्रावकात त्या दोघांची जोडी किती जमते, हे सगळे टप्पे एका ऊष्मागतिकी चक्रात बसवायचे आणि बंधनाची पायरी वेगळी काढायची.

पद्धत खणखणीत आहे. पण आकडा थेट मोजलेला नाही, चक्रातून काढलेला आहे. इतर टप्प्यांतली चूक त्यात उतरते. एखादा घात इकडे-तिकडे झाला तरी निष्कर्ष हलत नाही, इतका तो मोठा आहे. विघटन-स्थिरांकाच्या (बंधन-स्थिरांकाच्या व्यस्ताच्या) भाषेत हे दहा अॅटोमोलर, म्हणजे १० चा उणे १७ वा घात मोलर, होतात : लिटरभर डायक्लोरोमिथेनमध्ये साधारण ६० लाख मोकळे क्लोराइड आयन असले, की निम्मे पिंजरे भरलेले. एक मायक्रोमोलर द्रावणात तेवढ्याच लिटरमध्ये आयनांची संख्या १० च्या १७ व्या घाताच्या वर असते, हे शेजारी ठेवून पाहावं.

मात्र बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला घट्ट धरणारं अॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीचा स्थिरांक १० चा १५ वा घात, पिंजऱ्याचा १७ वा, म्हणजे पिंजरा निसर्गाच्या शंभरपट पुढे, अशी तुलना करू नये. बायोटिनची जोडी पाण्यात जमते, पिंजरा डायक्लोरोमिथेनमध्ये. त्या द्रावकात क्लोराइडला धरायला दुसरं कुणी नसतं. बंधन-स्थिरांक द्रावकाचं नाव घेतल्याशिवाय सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पाण्यात काय होतं हे पाहायचं तर बांबुसुरिल घ्यावं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथे व्लादिमिर शिंदेलार्झ यांच्या गटानं २०१० मध्ये तो रेणू बनवला. सहा ग्लायकोलुरिल घटकांचं कडं, आत बारा सी–एच. म्हणजे हाही फक्त सी–एचवर चालणारा. त्याचा पाण्यात विरघळणारा प्रकार पर्क्लोरेटला १० च्या ७ व्या घाताच्या पातळीवर बांधतो. पाण्यासाठी हा फारच मोठा आकडा आहे. पण पर्क्लोरेटभोवतीचं पाणी मुळात सैल असतं. क्लोराइडची गोष्ट वेगळी.

उलटा क्रम

१८८८ मध्ये प्राग इथे फ्रांत्स हॉफमाइस्टर यांनी अंड्यातली प्रथिनं कोणत्या क्षारानं किती बाहेर पडतात याचा क्रम लावला. आजही ऋणायनांचं पाण्याशी असलेलं नातं त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. ग्राही नसेल तर पाण्यातून तेलकट द्रावकात सगळ्यात आधी उतरतं आयोडाइड, मग नायट्रेट, मग ब्रोमाइड, शेवटी क्लोराइड. पाण्याची पकडही त्याच क्रमानं वाढते : २७५, ३००, ३१५, ३४० किलोजूल.

पिंजऱ्याचा क्रम आहे क्लोराइड, ब्रोमाइड, नायट्रेट, आयोडाइड. तंतोतंत उलटा. ज्याला पाणी सोडायला तयार नाही, त्यालाच पिंजरा पहिला नेतो. क्लोराइड आणि ब्रोमाइड यांच्या त्रिज्यांत फरक अवघा १५ पिकोमीटरचा, तरी ताठ पोकळीला तो जाणवतो. मला वैयक्तिकरीत्या १७ व्या घातापेक्षा हा क्रम जास्त मोलाचा वाटतो. ताकद द्रावक बदलून फुगवता येते. क्रम उलटवायचा तर पोकळीचं मापच बरोबर लागतं.

कुठे चालेल, कुठे नाही

अशा बातम्या आल्या की खारं पाणी गोडं होण्याची आशा लगेच जागी होते. आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हा रोजचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट हिशेब द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालतं. हजार लिटरच्या एका टाकीतलं क्लोराइड १,००० वरून २५० वर आणायचं तर ७५० ग्रॅम काढावं लागतं, म्हणजे २१ मोल. एक पिंजरा एकच आयन धरतो. त्याचा रेणुभार हजार धरला, जो प्रत्यक्षाहून कमीच आहे, तरी एका टाकीला २१ किलो पिंजरा लागेल. शिवाय क्लोराइडसोबत तेवढंच सोडियमही जायला हवं, कारण प्रभाराचा तोल राखावाच लागतो. त्या गावांना आरओ लागतो, हा रेणू नाही. त्यांना तशी आशा दाखवणं अन्यायाचं होईल.

जिथे थोडंसं क्लोराइडच मोठं नुकसान करतं, तिथे गोष्ट बदलते. काँक्रीटमधल्या सळईवर अल्कधर्मी वातावरणात ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा असतो. क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि तिथून गंज आत उतरतो. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत समुद्राकाठच्या इमारतींचे फुगलेले, सळया उघड्या पडलेले छज्जे आपण पाहतोच. पिंजऱ्यानं लोखंडाचा गंज रोखला जातो, हे या शोधनिबंधात दाखवलं आहे. तिथून बांधकामाच्या सामानापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, पण दिशा योग्य आहे. सूक्ष्म प्रमाणातलं क्लोराइड ओळखणारे संवेदक हाही तसाच पटणारा उपयोग.

खरं काम पुढेच आहे, आणि ते धरलेला आयन सोडून देण्याचं आहे. ज्या रेणूनं १७ व्या घातानं आयन धरला, तो परत द्यायला त्याला राजी कसं करायचं? आयन पेशीपटलापार वाहून न्यायचा असो किंवा पिंजरा पुन्हा वापरायचा असो, धरणं जेवढं लागतं तेवढंच सोडणंही लागतं. फ्लड यांच्याच गटात युरान हुआ यांनी २०१० मध्ये ट्रायाझोलांची एक गुंडाळणारी साखळी केली होती, तिच्या टोकांना अझोबेंझीन हा प्रकाशानं आकार बदलणारा गट. प्रकाश पडला की अझोबेंझीन वाकतं, गुंडाळी सैल होते आणि क्लोराइड मोकळं होतं. पण तिथे बंधन मुळात काही हजारांचं, आणि प्रकाशानं पडणारा फरक सुमारे आठपटीचा. साखळी वळू शकते म्हणून सोडू शकते, आणि वळू शकते म्हणूनच तिची पकड बेताची. ताठ पिंजऱ्यात असं वळणारं एखादं अंग बसवायचं आणि तरीही पोकळीचं माप १५ पिकोमीटरच्या फरकापर्यंत अचूक ठेवायचं, हा रचनेचा प्रश्न आता समोर आहे.